दारं समोरासमोर

"पोरी, जे दार कॅमेऱ्याला दिसतं ना, ते चोरालाही दिसतं."

आमचे जुने क्रेनवाले ग्लिगोरकाका यांनी हे मला मार्चमध्ये सांगितलं होतं. क्रेनच्या जिन्यापाशी उभे होते, हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी. मी हसले. उद्धटपणे नाही, वडीलधारं माणूस जुन्या काळाचं काही सांगायला लागलं की आपण हसतो, तसं. माझ्या टेबलावर नव्या यंत्रणेचं दोनशे पानांचं पुस्तक होतं. ते वाचून पूर्ण करणारी यार्डात मी एकटी, म्हणून माझी मान जरा ताठ होती. आणि माझ्या मुलीचा, इलिंकाचा, पाळणाघरातला तो पहिला आठवडा होता. ती रडते आहे का, झोपली का, तिथल्या बाईंनी फाटकाची कडी लावली असेल ना, यातच माझं अर्धं डोकं. काकांचं बोलणं या कानाने ऐकलं आणि तिथेच सोडून दिलं.

आमचं यार्ड अरादच्या पुढे, हंगेरीच्या सीमेच्या अलीकडे, बीटच्या शेतांच्या मधोमध आहे. पश्चिमेकडून ट्रक येतात. त्यांच्यावरचे कंटेनर आम्ही उचलून आगगाडीवर ठेवतो. गाडी देशाचं एक टोक ते दुसरं टोक कापत कॉन्स्तान्त्साच्या बंदरात जाते आणि तिथून माल जहाजाने पुढे. कोणता कंटेनर कोणत्या वॅगनवर, कोणत्या बाजूला तोंड करून बसेल, हे ठरवायचं काम माझं. मी आराखडा काढते, सही करते, क्रेनवाले त्याप्रमाणे गाडी भरतात.

एका वॅगनवर दोन छोटे कंटेनर बसतात. माझ्या आधी तीस वर्षं ते एकाच रीतीने बसवायचे: दारं समोरासमोर. दोन दारांमध्ये हाताचा पंजा आडवा जाईल एवढीच फट. सील तोडलं, कुलूप तोडलं, तरी दार उघडायला जागाच नाही. उघडायचं तर आधी क्रेन आणून एक कंटेनर उचलायला हवा. अशा जोडीला यार्डात 'व्याही' म्हणतात. लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडच्या आईबापांना समोरासमोर असं दाटून बसवतात की एकाला उठायचं असेल तर दुसऱ्याने आधी उठावं लागतं, त्यावरून. "चार नंबरला व्याही बसव," एवढं म्हटलं की क्रेनवाल्याला सगळं कळायचं.

मार्चमध्ये कमान आली. गाडी यार्डातून बाहेर पडते तिथे रुळांवर पोलादी कमान उभारली, तिच्यावर नऊ कॅमेरे. गाडी खालून हळू जाते, कॅमेरे प्रत्येक दारावरचं सील बघतात, नियंत्रण खोलीतल्या पडद्यावर हिरवा किंवा लाल चौकोन उमटतो. सुरक्षेचं मोठं प्रमाणपत्र त्या कमानीवर मिळणार होतं, आणि ते असलं की बड्या कंपन्यांचा माल येतो. फक्त एक अडचण होती. व्याह्यांची सीलं कॅमेऱ्याला दिसेनात. मग सुरक्षेचे प्रमुख पास्कू साहेब, जे आधी बँकांच्या पहाऱ्याचं बघायचे आणि ज्यांनी जन्मात वॅगनवर पाय ठेवला नव्हता, त्यांनी नियम काढला: कंटेनर पाठीला पाठ लावून बसवा, दारं बाहेर, दोन वॅगनांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे. तिथे कॅमेऱ्याची नजर पोचते.

तिथे माणूसही उभा राहू शकतो. वॅगनच्या टोकाच्या लोखंडी बफरवर पाय रोवून, आरामात.

हा नियम कागदावर मी आणला. नवीन आराखड्याचा नमुना माझा, खाली सही माझी. वेता, आमची दुसरी क्रेनवाली, पहिली गाडी भरून खाली उतरली तेव्हा म्हणाली की ही तर भांडून झोपलेली नवराबायको झाली. सगळे हसले. मीही हसले.

आणखी एक गोष्ट मला एप्रिलपासून माहीत होती, ती सांगितलीच पाहिजे. कॅमेऱ्यांनी सीलचा नंबर वाचायचा, असं पुस्तकात होतं. पण धूळ, पाऊस, धुकं, आणि सीलं कशीही लटकलेली. पहिल्या दोन आठवड्यांत दर दहांतले आठ चौकोन लाल. लाल आला की गाडी थांबवून माणूस पाठवायचा. तेव्हा कमान बसवणाऱ्या माणसाने पास्कू साहेबांच्या सांगण्यावरून यंत्रणा सैल केली. नंबर वाचता आला नाही तरी चालेल, सीलच्या जागी सीलच्या रंगाचं काहीतरी दिसलं की हिरवा. मी मागच्याच खुर्चीवर बसून ऐकत होते. वहीत टिपून ठेवलं. बोलले काहीच नाही. चारला पाळणाघर बंद होतं.

जूनमध्ये, जहाजातून माल उतरला त्या अलेक्झांड्रियाहून तक्रार आली. टायरांचा कंटेनर एक तृतीयांश रिकामा निघाला. दारावर सील होतं, पिवळं, व्यवस्थित. नंबर मात्र दुसराच. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच, पुन्हा टायर. दोन्ही वेळा आमच्या पडद्यावर हिरवा, बंदरातही अशीच कमान आहे, तिथल्या पडद्यावरही हिरवा. मधल्या वाटेत काय झालं हे शोधायला फार हुशारी लागत नाही. वाटेतल्या सिमेरिया स्टेशनच्या पुढे रुळांचं काम चाललं आहे, तिथे गाडी सिग्नलला मक्याच्या शेतात दोन-दोन तास उभी असते. पण पास्कू साहेबांचं म्हणणं, आमच्याकडून हिरवी गेली, विषय संपला.

ग्लिगोरकाकांचा विषय संपला नव्हता. ऑक्टोबरच्या एका मंगळवारी गाडीत टायरांचे आठ कंटेनर होते, चार वॅगनांवर. माझ्या आराखड्यात अर्थातच पाठीला पाठ. काका वर क्रेनच्या केबिनमध्ये होते. त्यांनी कोणालाही न विचारता त्यातले सहा कंटेनर फिरवून तीन वॅगनांवर व्याही बसवले. एक कंटेनर हवेत फिरवायला दीड मिनिट लागतं. सहांना नऊ मिनिटं. चौथ्या वॅगनला हात घालणार तेवढ्यात इंजिनवाल्याने शिट्टी दिली, गाडीची वेळ टळत होती. ती वॅगन तशीच राहिली, आणि कमानीवर सहा लाल आले तरी उशीर झाला म्हणून गाडी सोडून दिली.

बंदरात गाडी पोचली तेव्हा तीच वॅगन फुटलेली होती. व्याही केलेले सहा कंटेनर जसेच्या तसे.

मला वाटलं, आता तरी साहेबांना कळेल. साहेबांना कळलं, पण वेगळंच. कोणती वॅगन फुटणार हे ज्याला आधीच ठाऊक असतं, तो माणूस चोरांना सामील असतो. सहा झाकले, दोन मोकळे ठेवले, म्हणजे खूण केली. शिवाय सहा सीलं मुद्दाम कॅमेऱ्याच्या नजरेआड केली. दोन दिवसांत काकांना घरी बसवलं आणि पोलिसांत कागद गेला. निवृत्तीला सात महिने राहिले होते. एकतीस वर्षं ज्या माणसाने कंटेनरचा कोपराही चेपू दिला नाही, त्याला गणवेश परत करायला सांगितला. तो त्यांनी इस्त्री करून आणून दिला.

सोमवारी पास्कू साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर छापील जबाब तयार होता, माझ्या नावाचा. तीन वाक्यं. आराखड्यात सर्व दारं बाहेर होती. क्रेनचालक ग्लिगोर यांनी परवानगीशिवाय सहा कंटेनर फिरवले. न फिरवलेल्या वॅगनमधून माल चोरीला गेला.

मी दोनदा वाचलं. साहेब पेन पुढे करून बसले होते.

"यात एक तरी शब्द खोटा आहे का, ओतिलिया बाई?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या. ते म्हणाले, घ्या की, गुरुवारी बुखारेस्टहून प्रमाणपत्राची तपासणी आहे, त्याच्या आत झालं म्हणजे बरं. मग मी दाराशी पोचले तेव्हा, जणू हवापाण्याचं विचारावं तसं, त्यांनी विचारलं की मुलगी किती वर्षांची झाली. मी सांगितलं, अडीच. "लहान आहे," साहेब म्हणाले.

पाळणाघराकडे सायकल मारताना ते दोन शब्द माझ्या मागच्या सीटवर बसून आले.

रारेश, माझा नवरा, व्हिएन्नात इमारतींच्या कामावर असतो. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. संध्याकाळी फोनवर त्याला सांगितलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. खरं लिहिलंय ना, मग सही कर, बाकीचं पोलीस बघतील. मी म्हटलं, तिन्ही वाक्यं खरी आहेत, पण ओळीने ठेवली की एक माणूस तुरुंगात जातो.  तो म्हणाला, तू घराबाहेर पडताना तीनदा गॅस बघणारी बाई, जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा बघतेस, आणि आता कंपनीशी भांडणार? मी म्हटलं, तीनदा बघते म्हणूनच.  इलिंका माझ्या चपला घालून स्वयंपाकघरभर फटफट करत फिरत होती. मी बाल्कनीत कपडे काढायला गेले, आणि कपडे काढता काढता मला काय करायचं ते सुचलं.

भीती गेली नव्हती, हे लिहून ठेवते.  पण भीती आणि राग एकाच वेळी पोटात राहू शकतात हे मला त्या आठवड्यात कळलं, आणि दोघांत राग जास्त उपयोगाचा निघाला.

गुरुवारच्या गाडीचा आराखडा बुधवारी दुपारी छापला. वीस वॅगन, चाळीस छोटे कंटेनर. एकोणीस वॅगनांवर व्याही. विसाव्या, शेवटच्या वॅगनवर मात्र एक फरक. तिच्यावरचा मागचा कंटेनर रिकामा होता, परत जाणारा. त्याचं तोंड मी बाहेर ठेवलं, पुढच्याचं दार त्याच्या पाठीला टेकवलं.

कागद घेऊन क्रेनच्या जिन्याशी गेले. वेताने तो वरपासून खालपर्यंत वाचला, मग नजर पुन्हा वर नेली.

"अगं, हे छापताना चुकलंय की डोकं फिरलंय?"

"चुकलेलं नाही. सही बघ कोणाची आहे."

"उद्या तपासणी आहे."

"म्हणूनच."

वेताने कागदाची घडी करून गणवेशाच्या खिशात घातली. म्हणाली, सही तुझी, मी आपली हुकमाची ताबेदार, मला काय. आणि दोन पायऱ्या चढून मागे न बघता म्हणाली की ग्लिगोरला एकाने तरी विचारायला हवं होतं, सहाच का म्हणून. तो सांगणार होता. कोणी विचारलंच नाही.

गुरुवारी धुकं होतं. इलिंकाला सातला पाळणाघरात सोडलं. फाटकाची कडी मी स्वतः लावली, मग परत जाऊन ओढून बघितली. साडेसातला यार्डात होते. गाडी भरण्याआधी कंटेनर जमिनीवर रांगेत उभे असतात. मी वही घेतली आणि एकेका दारापाशी गेले. सील बोटांत धरायचं, खाली ओढायचं, पिळायचं, नंबर वाचायचा, लिहायचा. कमान यायच्या आधी हे रोज होत होतं. कमान आल्यावर बंद पडलं, कारण आता कॅमेरे बघतात म्हणून. एकोणचाळीस सीलं. बोटं थंडीने वाकेनात, नखाखाली गंज गेला. पाऊण तास लागला, म्हणजे मी समजत होते त्याच्या निम्मा. चाळिसावा तो रिकामा कंटेनर, त्याला सील नव्हतंच. त्याच्यापाशी माझं थोडं वेगळं काम होतं, ते केलं.

दहाला तपासनीस आल्या. द्रागिच बाई, पन्नाशीच्या, पायात चिखलाचे बूट, एका हातात अर्धा खाल्लेला कोव्रिग, तिळाचा गोल कडक पाव. मला वाटलं होतं कोणीतरी उंच टाचांची बाई येईल. पास्कू साहेबांनी सूट घातला होता. नियंत्रण खोलीत कॉफी, खारी बिस्किटं, भिंतीवर प्रमाणपत्रासाठी आधीच ठोकून ठेवलेला खिळा. साहेब कमानीची माहिती सांगत होते, आकडे त्यांना तोंडपाठ. मी कोपऱ्यात, वही छातीशी धरून.

गाडी हलली. पहिली वॅगन कमानीखाली आली. पडद्यावर दोन चौकोन उमटले. लाल, लाल.

साहेब म्हणाले, धुकं आहे. दुसरी वॅगन: लाल, लाल. तिसरी. चौथी. सहाव्या वॅगनपर्यंत खोलीत कोणी बिस्किटाला हात लावत नव्हतं. लाल चौकोनांची रांग पडद्याच्या एका कडेकडून दुसरीकडे सरकत होती आणि प्रत्येक वेळी यंत्र बारीकसं पिंपिं करत होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. पण बाई पेन काढून मोजत होत्या, त्यामुळे साहेबांना ओरडता येईना.

"हा काय प्रकार आहे?" बाईंनी विचारलं, पडद्यावरची नजर न काढता.

मी म्हटलं, सगळी दारं समोरासमोर आहेत, आराखडा माझा आहे. साहेब घाईने म्हणाले की या कर्मचारी थोड्या तणावाखाली आहेत, घरी लहान मूल आहे, हे कंपनीचं धोरण नाही. बाई म्हणाल्या, बरं. आणि मोजत राहिल्या.

एकोणचाळीस लाल झाले. शेवटचा चौकोन उमटला, हिरवा. एवढा हिरवा की खोलीभर उजेड पडल्यासारखं वाटलं. पास्कू साहेब बुडताना काठाला हात लागावा तसे पुढे झाले आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"हे बघा. हे बघा मॅडम, यंत्रणा उत्तम चालते आहे. जिथे नियम पाळला तिथे हिरवा. सील दिसलं, ओळखलं, हिरवा."

"साहेब," मी म्हटलं, "तो चिमटा आहे."

"कसला चिमटा?"

"कपडे वाळत घालायचा. माझ्या बाल्कनीतला."

पिवळा, प्लॅस्टिकचा, दहाच्या पाकिटातला. रिकाम्या कंटेनरच्या दाराला, सील असतं त्याच जागी, सकाळी मी तो लावला होता.  द्रागिच बाईंच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की कोव्रिग अडकला, सांगता येणार नाही. त्यांनी कोट चढवला आणि म्हणाल्या, चला, खाली जाऊ या.

गाडी कमानीपलीकडे थांबवली होती. बाईंनी आधी चिमटा बघितला, हाताने काढला, उलटसुलट केला आणि कागदी पिशवीत टाकून त्यावर वेळ लिहिली. मग सातव्या वॅगनपाशी गेल्या, व्याह्यांच्या फटीत हात घातला. मनगटापर्यंत गेला. दाराच्या दांड्याला बोटं लागली, पुढे काही होईना. त्या वळल्या आणि साहेबांना म्हणाल्या की तुम्ही उघडून दाखवा.

साहेब सुटाच्या बाह्या सावरत उभे राहिले. उघडणार काय? धुक्यात वर कुठेतरी क्रेनच्या केबिनची खिडकी सरकली.

"साहेब, क्रेन लागली तर मी आहे हो इथे," वेता वरून म्हणाली.

रुळांवर उभी असलेली माणसं, ज्यांना त्या वेळी खरं तर दुसरीकडे काम होतं, ती हसली. दबून नाही. साहेबांचे कान लाल झाले. मी हसले नाही, रुळाच्या खडीत टाचा रोवून उभी राहिले.

बाईंनी विचारलं, दारं अशी बंद केली तर आतलं सील बरोबर आहे हे कशावरून? प्रश्न रास्त होता, आणि याच प्रश्नासाठी मी बोटं गोठवली होती. वही दिली. एकोणचाळीस नंबर, प्रत्येकासमोर 'ओढलं, पिळलं', वेळ, सही. बाईंनी तीन नंबर ट्रकच्या कागदांशी ताडून बघितले. जुळले. त्यांनी विचारलं, किती वेळ लागला. पाऊण तास, मी म्हटलं. एका बाईला, हातमोजे न घालता.

मग मी दुसरा कागद काढला. माझा जबाब. साहेबांची तिन्ही वाक्यं मी त्यात तशीच ठेवली होती, एक शब्द न बदलता. खाली माझ्या अक्षरात पुढचं लिहिलं होतं. हा आराखडा मी केला आणि तो चुकीचा होता. हे मला मार्चमध्ये ग्लिगोर यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आजवर फुटलेला प्रत्येक कंटेनर माझ्या आराखड्याप्रमाणे बसलेला होता. ग्लिगोर यांनी बसवलेला एकही फुटला नाही. सहाच का फिरवले, तर सातव्याला वेळ उरला नाही, इंजिनवाल्याने शिट्टी दिली. त्याच्या नोंदवहीत ती वेळ आहे. कॅमेरे नंबर वाचत नाहीत हे मला एप्रिलपासून माहीत आहे आणि मी गप्प बसले.

साहेब म्हणाले की हा कागद तपासणीच्या विषयात येत नाही. बाई म्हणाल्या, कोणता विषय येतो ते मी ठरवते. आणि कागद त्या चिमट्याच्याच पिशवीत घातला.

असं झालं. आता पुढचं, जे मला जास्त टोचतं.

प्रमाणपत्र अडकलं. मला त्याच दिवशी घरी बसवलं. कारण दिलं, मालवाहू कंटेनरवर खोटं सील लावलं. रिकाम्या कंटेनरवर कपड्यांचा चिमटा. तो कागद मी फ्रिजवर लावून ठेवला आहे. रारेश आला तेव्हा त्याने तो वाचला आणि मला चहा करून दिला. चारला पाळणाघर बंद होण्याची आता मला घाई नसते. तरी फाटकाची कडी बघतेच.

ती गुरुवारची गाडी कॉन्स्तान्त्साला पोचली, एकाही दाराला धक्का नाही. तेव्हापासून यार्डातून निघणारी प्रत्येक गाडी व्याही बसवूनच निघते, असं कळतं. तसा हुकूम कोणी काढलेला नाही. मनाईही कोणी केलेली नाही. नवे आराखडे करणारा मुलगा पाठीला पाठ असं छापतो, आणि क्रेनवाले ते खिशात घालून त्यांना हवं ते करतात. सगळ्यांनाच घरी बसवायचं तर गाडी भरणार कोण?

पण ग्लिगोरकाकांचं प्रकरण मिटलेलं नाही. सरकारी वकिलांकडे ते आहे आणि सुनावणी जानेवारीत. माझं नाव साक्षीदारांत आहे. वेताचं आहे. इंजिनवाल्याचं, त्या दिवशी रुळांवर हसलेल्या सगळ्यांचं आहे. साक्षीदारांनी आरोपीशी बोलायचं नाही, भेटायचं नाही, निरोप पाठवायचा नाही, असं त्यांच्याकडून आलेल्या पत्रात स्पष्ट लिहिलंय. बोललो तर साक्ष बाद होईल आणि तेवढंच साहेबांच्या वकिलाला हवं आहे. म्हणजे त्या माणसाला ओळखणारं या भागात जे कोणी आहे, त्यातल्या एकालाही त्यांच्या दारात जाता येत नाही.

त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी इटलीत म्हाताऱ्या माणसांची सेवा करते, तिचा फोन ते दर रविवारी घ्यायचे. गेले दोन रविवार उचलला नाही, असं तिने पाळणाघरातल्या बाईंना कळवलं, लहानपणी तीही त्यांच्याकडेच होती. बाई सत्तरीच्या, गुडघे गेलेले, त्यांना तिथवर चालवत नाही. मी काकांच्या घरावरून सायकलने जात नाही. गेले तर थांबेन, हे मला माहीत आहे.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी अरादहून सीमेकडे जाणार असेल, तर रेल्वेचं फाटक ओलांडल्यावर डावीकडे वळा. तिसरं घर, समोर बिहीची, पेअरसारख्या पिवळ्या फळांची, दोन झाडं, निळं लोखंडी गेट. बेल वाजवू नका, ती बिघडलेली आहे. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला, गल्लीवरच आहे, तिच्यावर टकटक करा आणि मोठ्याने तुमचं नाव सांगा, कारण उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. धुराड्यातून धूर येत असेल आणि ते खिडकीशी आले, तर पाणी मागा, दोन मिनिटं बसा, जेवलात का विचारा, आणि निघा. माझं नाव काढू नका. मी निरोप देत नाहीये, पत्रातल्या अटींत बसेल एवढंच बोलतेय. धूर नसेल तर गेटला कुलूप नसतं, नुसती खिट्टी असते. ती वर उचला आणि आत जा.